हास्केल, आठ महिने वापरून: साडेतीन स्टार, त्यातले दोन एकाच गुणाला

फुकट मिळालेल्या वस्तूचा रिव्ह्यू कोण लिहितं, असं घरच्यांनी विचारलं. खरंय, हास्केल ही प्रोग्रामिंगची भाषा फुकट आहे, तिचा जीएचसी नावाचा कंपाइलर (लिहिलेला कोड मशीनला समजेल असा करून देणारा प्रोग्राम) कुणीही डाउनलोड करू शकतो, एक पैसा लागत नाही. पण माझे आठ महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात गेलेत आणि ते काही फुकट नसतात. शिवाय ज्या एका गुणासाठी (नाव रेफरेन्शियल ट्रान्सपरन्सी, अर्थ पुढे) मी ही भाषा घेतली त्याच्याबद्दल नेटवर इतकं अर्धवट लिहिलेलं सापडलं की म्हटलं आपण सविस्तरच लिहू. लांबलंय, चहा घेऊन बसा.

सुरुवात एका जुन्या नोकरीतून झाली. कंपनीचं नाव नको. हप्त्यावर वस्तू विकणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर होतं आणि त्यात एक फंक्शन होतं (नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा), नाव अगदी सोज्वळ, ‘दंड काढा’. खातं द्या, उशिराचा दंड किती ते सांगणार. सांगायचं पण, आणि सांगता सांगता हळूच तो दंड खात्यात चढवायचं पण. मी लिहिलं नव्हतं, कुणी काय लिहिलं याची नोंद ठेवणारं गिट साक्षीला आहे. मी फक्त एका शुक्रवारी संध्याकाळी लॉगमध्ये एक ओळ घातली, दंड किती आला ते बघायला, म्हणजे त्या ओळीत तेच फंक्शन अजून एकदा बोलावलं. सोमवारी सकाळी लोकांना डबल दंड. तीन दिवस आम्ही व्याजाच्या सूत्रात चूक शोधत होतो, सूत्र बिचारं बरोबर होतं.

टीममध्ये एक सिनियर होते, कमी बोलणारे. त्यांनी कोड बघितला आणि एवढंच म्हणाले, “अरे हे रेफरेन्शियली ट्रान्सपरंट नाहीये.” मी मान हलवली. मान हलवणं हे आमच्या धंद्यातलं अर्धं काम. घरी येऊन शोधलं तर जिकडेतिकडे एकच वाक्य, ‘तोच इनपुट दिला की तोच आउटपुट आणि साइड इफेक्ट नाही’, म्हणजे उत्तर देण्यापलीकडे गुपचूप काही करणं नाही. दुसऱ्या दिवशी तेच पोपटासारखं म्हणून दाखवलं तर म्हणाले, ते प्युअर फंक्शनचं झालं, शेजारचं घर आहे, पण घर ते नव्हे. आणि हा शब्द आपल्या लोकांचा नाहीच मुळात, तत्त्वज्ञानवाल्यांचा आहे. मग टपरीवर त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच माणसाची दोन नावं, हे आपल्याकडे शाळेतलं पोरगंही सांगेल. आता ‘कुसुमाग्रजांना 1987 सालचं ज्ञानपीठ मिळालं’ या वाक्यात नाव बदला, शिरवाडकरांना मिळालं म्हणा, काही बिघडलं? नाही, माणूस तोच आहे ना. आता दुसरं वाक्य घ्या, ‘कुसुमाग्रजांना ते नाव पडलं बहिणीमुळे’. हेही खरं, बहिणीचं नाव कुसुम, तिचा अग्रज म्हणून कुसुमाग्रज. इथे नाव बदला. ‘शिरवाडकरांना ते नाव पडलं बहिणीमुळे’. गेलं की नाही! माणूस तोच, अदलाबदल तीच, आणि खऱ्याचं खोटं झालं. कारण पहिल्या वाक्यात नाव म्हणजे खिडकीची काच होती, आपण आरपार माणसाकडे बघत होतो. दुसऱ्यात नजर काचेवरच अडकली, काचेवर काय लिहिलंय हाच विषय झाला. पहिल्या वाक्यातली ती जागा पारदर्शक, दुसऱ्यातली अपारदर्शक. रेफरन्स म्हणजे नाव ज्याच्यासाठी उभं आहे ती वस्तू, आणि ट्रान्सपरन्सी म्हणजे नावातून थेट ती वस्तू दिसणं, बस. (आपल्याकडे पारदर्शक म्हटलं की लोकांना कारभारच आठवतो, तो इथे नको.)

हे उदाहरण माझं देशी आहे, मूळ उदाहरण क्वाइनचं. विलर्ड क्वाइन, हार्वर्डचा तत्त्वज्ञ. त्याच्याकडे जॉर्जोने नावाचा इटालियन चित्रकार येतो, ज्याचं दुसरं नाव बार्बारेल्ली, आणि जॉर्जोने हे नाव पडलं देहाच्या आकारमानावरून. बार्बारेल्लीला ते नाव आकारमानावरून पडलं म्हटलं की वाक्य पडतं, तीच गंमत. 1960 च्या ‘वर्ड अँड ऑब्जेक्ट’मध्ये त्याने रेफरेन्शियल ट्रान्सपरन्सी हा शब्द व्यवस्थित मांडला, आणि ट्रान्सपरंट हा शब्द आपण रसेल-व्हाइटहेड या तर्कशास्त्रवाल्या जोडीकडून घेतलाय हेही सांगून टाकलं. त्याच्याही मागे 1892 मध्ये फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा यांचं कोडं घातलं होतं, दोन्ही शुक्रच, मग ‘हा तो आहे’ यात नवीन माहिती कसली? आपल्याकडे पहाटे दिसली तरी शुक्राची चांदणी आणि संध्याकाळी दिसली तरी शुक्राची चांदणी, त्यामुळे हे कोडं आपल्या अंगणात पडलंच नसतं असं मला उगाच वाटतं.

एक गोष्ट इथे नीट धरून ठेवा. क्वाइनच्या हिशोबात पारदर्शक असते ती वाक्यातली जागा. नावाला पारदर्शक म्हणत नाहीत, माणसाला तर नाहीच. आपण प्रोग्रामर मात्र सर्रास ‘हे फंक्शन आरटी (रेफरेन्शियली ट्रान्सपरंट) आहे’ म्हणून मोकळे होतो. मीही म्हणतो, या रिव्ह्यूतही पुढे म्हणेन, सवय.

हा शब्द कॉम्प्युटरच्या गावात आला तो मुख्यतः ख्रिस्तोफर स्ट्रेचीमुळे. ऑक्सफर्डचा माणूस. 1967 च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनला एक उन्हाळी शाळा भरली होती, तिथल्या त्याच्या लेक्चरांच्या नोट्समध्ये क्वाइनचं नाव घेऊन हा गुण सांगितलाय. म्हणतो काय, तर मोठ्या एक्स्प्रेशनची (म्हणजे 2 + 3 सारख्या, किंमत निघणाऱ्या मजकुराची) किंमत काढायची असेल तर आतल्या छोट्या एक्स्प्रेशनबद्दल फक्त त्याची किंमत माहीत हवी, बाकी त्याच्या पोटात काय आहे, किती तुकडे आहेत, कुठला आधी काढला, इतकंच काय कुठल्या रंगाच्या शाईने लिहिलंय, याच्याशी काही देणंघेणं नसावं. शाईच्या रंगावर मी फिदा झालो. या नोट्स वर्षानुवर्षं हातोहात फिरल्या आणि जर्नलमध्ये छापून आल्या थेट 2000 साली, तोवर स्ट्रेचीला जाऊन 25 वर्षं झाली होती.

आता आमचं ‘दंड काढा’ या मोजपट्टीवर लावा. समजा एका खात्याचा दंड 150 निघतो. मग जिथे जिथे ते फंक्शन बोलावलंय तिथे सरळ 150 लिहिलं तर प्रोग्रामने तेच करायला पाहिजे. नाही करत, खात्यात दंड चढायचाच थांबतो. उलट बाजूने, 150 च्या जागी ते दोनदा बोलावलं की दंड डबल. म्हणजे त्या जागी किंमत पुरेशी नाही, ती किंमत कशी आली तेही महत्त्वाचं झालं, शाईचा रंग आडवा आला.

इथे एक पेच आहे आणि तो बहुतेक लोक गाळतात. स्ट्रेचीने ‘असाइनमेंट (नावात नवी किंमत भरणं) आली की पारदर्शकता गेली’ एवढ्यावर विषय सोडला नव्हता. क्ष = क्ष + 1 घ्या. उजवीकडचा क्ष म्हणजे डब्यातला माल, डावीकडचा क्ष म्हणजे डबा. याला त्याने आर-व्हॅल्यू आणि एल-व्हॅल्यू म्हटलं. माल बदलत राहतो, पण डबा कुठला ते असाइनमेंटने बदलत नाही, म्हणजे नावाचा अर्थ डबा असा धरला तर एल-व्हॅल्यूपुरती पारदर्शकता टिकवता येते. म्हणून काही जाणकार म्हणतात की सी आणि जावासुद्धा त्या मूळ अर्थाने अपारदर्शक नाहीत, फक्त त्यांच्यातल्या एक्स्प्रेशनचा अर्थ साधा आकडा नसतो, ‘अमुक परिस्थितीत अमुक आकडा आणि नंतर तमुक परिस्थिती’ असा लांबलचक असतो. मला हे पटतं. ‘दंड काढा’चा खरा अर्थ 150 नव्हताच, ‘150 आणि खात्यात नोंद’ असा होता. आम्ही अर्धा अर्थ वाचला आणि गोत्यात आलो. म्हणजे प्रश्न असा विचारायचा की भाषा मला अर्थ पूर्ण दाखवते की अर्धा लपवते, आणि या प्रश्नावर हास्केल घेण्यासारखी वस्तू आहे.

आता प्रॉडक्टकडे.

बसवणं: जीएचसीअप नावाचं एक टूल आहे, एक कमांड, मग बरंच डाउनलोड, डिस्कची जागा जीबीत मोजायची तयारी ठेवा. माझ्या 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एडिटरची मदतनीस सर्व्हिस चालू केली की पंखा हेलिकॉप्टरसारखा ओरडतो. या खात्यात अर्धाच स्टार.

पण मुख्य गुण. हास्केलमध्ये बरोबरचं चिन्ह म्हणजे खरंच बरोबर, शाळेतल्या गणितासारखं. वर ‘क्ष = अमुक’ लिहिलं की खाली कुठेही क्ष काढून अमुक टाका, अमुक काढून क्ष टाका, उत्तर तेच. ऐकायला सोपं वाटतं, पण ही परीक्षा घेऊन बघा. पायथॉनमध्ये क्ष = प्रिंट(‘टाळी’) लिहा आणि खाली दोन ओळींत नुसतं क्ष, क्ष लिहा. टाळी एकदाच वाजते (म्हणजे स्क्रीनवर छापली जाते). आता क्षच्या जागी दोन्हीकडे प्रिंट(‘टाळी’) लिहा, दोनदा वाजते. फक्त नाव दिल्याने प्रोग्राम बदलला! हास्केलमध्ये हेच पुटस्ट्रलाइन (तिथलं प्रिंट) घेऊन केलं, नाव देऊन दोनदा वापरलं, दोनदा टाळी. नाव न देता दोनदा लिहिलं, दोनदा टाळी. पहिल्या दिवशी मी हे जीएचसीआयमध्ये (ओळ लिहा, लगेच उत्तर बघा अशी जीएचसीची खिडकी) पाच-सहा वेळा करून बघितलं, विश्वासच बसेना.

हे जमतं कसं, तर तिथे पुटस्ट्रलाइन ‘टाळी’ ही टाळी नसते, टाळी वाजवा असं लिहिलेली चिठ्ठी असते. चिठ्ठीचा टाइप, म्हणजे ती कुठल्या जातीची किंमत आहे ते, आयओ (इनपुट-आउटपुट). वाण्याच्या यादीसारखं समजा, यादीत साखर लिहिली म्हणून घरात साखर येत नाही, यादीची झेरॉक्स काढली म्हणून पैसे कापले जात नाहीत, दुकानात गेली की मगच व्यवहार. हास्केलचा प्रोग्राम नुसत्या याद्या जोडत बसतो, एकच मोठी यादी तयार होते, तिचं नाव मेन, ती तेवढी दुकानात जाते. म्हणून चिठ्ठीच्या जागी तीच चिठ्ठी ठेवली तर फरक पडायचं कारणच नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे हे टाइपमध्ये दिसतं. खातं घेऊन रुपये देणारं फंक्शन असेल तर ते रुपयेच देणार, गुपचूप नोंद करायची असेल तर टाइपमध्ये आयओ रुपये लिहावं लागतं, शपथपत्रच. मागच्या दाराने जायला अनसेफपरफॉर्मआयओ नावाची खिडकी ठेवलीय, पण नावातच अनसेफ लिहिलंय, उद्या काही झालं तर तक्रार कुणाकडे नेणार.

सुरुवातीला हे इतकं छान नव्हतं. 1987 ला अमेरिकेत पोर्टलंडच्या कॉन्फरन्समध्ये ही भाषा करायचं ठरलं (हो, आपल्या ज्ञानपीठाचंच साल, योगायोग), पहिला रिपोर्ट (भाषेचे नियम सांगणारा दस्तऐवज) आला 1990 च्या 1 एप्रिलला, तारीख खरी आहे. तेव्हा की-बोर्ड-स्क्रीनचं काम विनंत्या आणि उत्तरांच्या लांब यादीतून करायचे, फार द्राविडी प्राणायाम होता. मोनॅडवाली, म्हणजे वरच्यासारख्या चिठ्ठ्या जोडायची सोय भाषेच्या रिपोर्टात आली 1996 च्या 1.3 मध्ये. आणि साइड इफेक्ट नसण्याचं हे पावित्र्य एवढी वर्षं टिकलं त्याचं श्रेय आळशीपणाला. हास्केल लेझी आहे, मागितल्याशिवाय काहीच काढत नाही, त्यामुळे कुठली गोष्ट कधी होईल याचा भरवसा नाही, आणि भरवसा नसला की साइड इफेक्ट ठेवणार कुठे? बाकीच्या भाषांना मोह झाला, हिला मोह परवडणाराच नव्हता.

रोजच्या वापरात याचा फायदा काय, असं कुणी विचारेल. तर रिफॅक्टरिंग, म्हणजे काम तेच ठेवून कोडची मांडणी बदलणं. दोनशे ओळींचं फंक्शन कापून पाच तुकडे करताना माझा हात थरथरत नाही, जावात थरथरतो. समान तुकडा दिसला की नाव देऊन बाहेर काढायचा, उत्तर बदलणार नाही याची खात्री. कंपाइलरही हाच खेळ खेळतो, एका यादीवरून दोनदा मॅप (प्रत्येक घटकावर तेच फंक्शन चालवणं) फिरवलाय असं दिसलं की दोन फेऱ्यांची एक फेरी करून टाकतो, कारण मध्ये कुणी काही लपवून करत नाहीये हे त्याला माहीत आहे. टेस्टिंगला क्विकचेक आहे, 2000 साली क्लासेन आणि ह्यूज या जोडीने आणलेलं, तुम्ही फक्त नियम सांगायचा, उदाहरणादाखल यादी दोनदा उलटली की मूळ यादी मिळते, मग ते शंभर वेडीवाकडी उदाहरणं घालून तुमची फजिती करतं. याला पूर्ण दोन स्टार, कुठलीही घासाघीस न करता.

आता रडगाणं, आणि तेही याच गुणाचं.

पहिलं, डीबग, म्हणजे चूक शोधणं. दंड काढणारं फंक्शन शुद्ध आहे, तर त्याच्या पोटात प्रिंट घालता येत नाही, टाइप अडवतो. मग डीबग ट्रेस नावाची चोरवाट आहे, ती आतून थोडं खोटं बोलून छापते. पण भाषा आळशी, त्यामुळे तिसरी ओळ पहिल्यांदा छापली जाते, पहिली नंतर, दुसरी छापलीच जात नाही कारण ती किंमत कुणी मागितलीच नाही. पहिल्या महिन्यात रात्री एक वाजता मी स्क्रीनला शिव्या दिल्यात.

दुसरं जास्त गंभीर आहे आणि जाहिरातीत कुणी सांगत नाही. बरोबरच्या जागी बरोबर ठेवलं तर किंमत तीच राहते, बिल तेच राहील असं कुणी म्हटलेलं नाही. मी एक ते एक कोटी अशी आकड्यांची यादी केली, तिला नाव दिलं, आणि सरासरी काढायला तिची बेरीज भागिले तिची लांबी असं लिहिलं. उत्तर बरोबर, पण लॅपटॉप बसला. कारण यादीला नाव आहे, बेरीज झाल्यावर लांबी मोजायला तीच यादी पुन्हा लागणार, म्हणून ती अख्खी मेमरीत धरून ठेवली. 64 बिटच्या मशीनवर एकेका आकड्यामागे 40 बाइट, गुणा एक कोटीने, 400 एमबी. मग नाव काढून दोन्ही ठिकाणी यादी नुसतीच लिहिली. उत्तर तेच, यादी दोनदा बनली, पण बनते तशी फेकून देता येते, त्यामुळे मेमरी चिमूटभर. म्हणजे अर्थ पारदर्शक, खर्च अपारदर्शक. आणि वर कळस म्हणजे ऑप्टिमायझेशन (प्रोग्राम वेगवान करायची कंपाइलरची सोय) चालू केलं की कंपाइलर कधी कधी हुशारी करून दोन सारख्या याद्या पुन्हा एक करतो, त्यालाही नियम माहीत आहे ना, बरोबरच्या जागी बरोबर! स्ट्रेचीची शाई इथे परत आली, रंगाला महत्त्व नाही पण बाटली रिकामी किती झाली त्याला आहे. याचा अर्धा स्टार कापला.

तिसरं किरकोळ. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची साखळी, मोठ्या मजकुराला हळू, मग टेक्स्ट नावाची वेगळी लायब्ररी घ्या. रिकाम्या यादीचं पहिलं घर मागितलं की प्रोग्राम कोसळतो. एरर मेसेज वाचायला शिकण्यात एक महिना. आणि नोकऱ्या, पुण्यात शोधून बघा, मी बघितल्या, पुढे काही बोलत नाही.

घ्यावी का? डोक्यात एकदा हा गुण नीट बसवायचा असेल तर घ्या, तीन महिने द्या, नंतर आपल्या जुन्या भाषेत परत गेलात तरी हरकत नाही. नुसतं चाखून बघायचं असेल तर एक स्वस्त पर्याय घरातच आहे, एक्सेल. माझ्या आत्याला प्रोग्रामिंगचं ओ की ठो माहीत नाही पण भिशीचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवते, आणि सेलच्या नावाच्या जागी त्यातलं सूत्र टाकलं तरी उत्तर तेच, हे ती रोज वापरते. फक्त रँड आणि नाऊ असली दोन-चार फंक्शनं घोटाळा करतात. हास्केलच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक सायमन पेटन जोन्स मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेलमध्ये नवीन फंक्शनं आणायच्या कामात होते, यात मला तरी काही आश्चर्य वाटलं नाही. आत्याला मी हे सांगितलं तर म्हणाली, मग तू एवढे महिने काय शिकत होतास.

स्टारचा हिशोब: मुख्य गुणाला दोन, टाइपला दीड, बसवण्याला अर्धा, मेमरीचा उणे अर्धा. साडेतीन.

मागच्या आठवड्यात ते जुनं दंडाचं फंक्शन मी हास्केलमध्ये लिहून काढलं, उगाच, हौस म्हणून. खातं घेतं, रुपये देतं, नोंदीचं काम बाहेरच्या आयओवाल्या फंक्शनकडे. मग मुद्दाम तीच शुक्रवारची चूक केली, लॉगसाठी दंड अजून एकदा बोलावला, एकदा सोडून चारदा. खात्यात दंड एकदाच चढला. सिनियर आता दुसरीकडे आहेत, त्यांना कोड पाठवला. रात्री उत्तर आलं, “चांगलंय, पण 42 व्या ओळीत ट्रेस राहिलाय.”